पांढरी सहा

माझ्या वाद्याच्या पेटीत मोसंबीची साल असते. क्लासला नवीन आलेल्या पोराला वाटतं, सरांनी मोसंबी खाल्ली आणि साल तिथंच टाकली. पण मार्च उजाडला की लातूरची हवा अशी कोरडी होते की ओठ फुटतात, दारांच्या फळ्यांत फटी पडतात आणि ओबोचं लाकूड तडकायला बघतं. साल ठेवली की पेटीत दोन-तीन दिवस जराशी ओल टिकते. परदेशातले वादक यासाठी संत्र्याची साल ठेवतात. आमच्याकडं जालन्याची मोसंबी हाताशी, म्हणून मोसंबी. वाळून कडक झाली की बदलायची, आणि बुरशी धरायच्या आत तर बदलायचीच. हे दुसरं मला ठेच लागल्यावर कळलं.

ओबो म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. लातुरात या वाद्याला मी आजवर 'काळी सनई', 'क्लॅरोनेट', 'पुंगी' अशी नावं ऐकली आहेत आणि एकदा 'सर, तुमचं ते नळकांडं'. आफ्रिकेतल्या काळ्या लाकडाचं, चाव्यांनी लगडलेलं, दोन फुटांच्या आसपासचं हे वाद्य. वरच्या टोकाला दुहेरी पत्ती. दोन पात्यांच्या फटीतून फुंकर घातली की पाती एकमेकींवर थरथरतात आणि नळीतली हवा बोलू लागते. एवढं सांगितलं की आमच्या भागातला कुणीही म्हणतो, "म्हंजी सनईच की!" बरोबर आहे त्याचं. पश्चिम आशियातली झुर्ना, आपली सनई, युरोपातला जुना शॉम, ही सगळी एका भावकीतली. सतराव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये, चौदाव्या लुईच्या दरबारी वादक-कारागिरांनी त्या कर्कश शॉमला तासून-घासून चार भिंतींत बसवण्याजोगा केला. फ्रेंच लोक त्याला ओब्वा म्हणाले. शब्दाचा अर्थ उंच लाकूड. आमची सनई देवळाच्या दारात राहिली आणि तिची चुलत बहीण राजवाड्यात नांदायला गेली, एवढाच काय तो फरक.

आमच्या घरात सनई होती. आम्ही वाजंत्री. औसा तालुक्यातल्या त्या गावात आमचं घर कुठल्या बाजूला होतं, हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. थोरले तात्या, म्हणजे माझे चुलते, सनई वाजवायचे. चुलतभाऊ संबळ. आणि माझे वडील, अण्णा, सूर धरायचे.

सूर धरणं हा काय प्रकार असतो, ते हल्ली सांगावं लागतं. सनईच्या जोडीला दुसरी एक सनई असते, तिलाच सूर म्हणतात. तिच्यावर चाल वाजत नाही. तिची भोकं मेणानं लिंपून टाकलेली असतात. नेमकी किती लिंपायची आणि कुठलं अर्धं उघडं ठेवायचं, त्यावर सा ठरतो. मग वाजवणाऱ्यानं तो एकच सा धरून बसायचं. तात्यांनी भूप घेवो, भैरव घेवो, नाही तर वऱ्हाडातल्या कुणी फर्माइश केली म्हणून सिनेमातलं गाणं घेवो, अण्णांचा सा तोच. मधे श्वास घ्यायला थांबायचं नाही. गालात हवा साठवायची, गालातली हवा पत्तीत ढकलत असताना नाकानं नवी ओढायची. दोन्ही एकाच वेळी. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस श्वासच घेत नाही. लग्नात लोक तात्यांना बक्षीस द्यायचे, त्यांच्या टोपीला दहाची नोट खोचायचे. अण्णांकडं कुणी बघत नव्हतं. फार तर एखादं शेंबडं पोर त्यांच्या फुगलेल्या गालांकडं बघत उभं राहायचं. मांडवाच्या बाहेर, बैलगाड्या सोडलेल्या असत तिथं घोंगडी टाकून ही मंडळी बसत. पंगती उठल्यावर जेवत.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना अण्णांनी मला श्वास शिकवला. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. तो कापून त्याची नळी करायची, पाण्यानं भरलेल्या तांब्यात बुडवायची आणि फुंकायची. पाण्यात बुडबुडे सुरू झाले की ते थांबता कामा नयेत. नळी तोंडातून काढायची नाही, बुडबुडा तुटू द्यायचा नाही. तुटला की अण्णा नुसतं म्हणायचे, "तुटलं." रागावणं नाही, शाबासकीही नाही. महिना-दीड महिना रोज संध्याकाळी मी ओट्यावर बसून तांब्यात बुडबुडे काढत होतो. माय म्हणायची, लेकराला काय येडं करायलाव का. एके दिवशी बुडबुडे तुटले नाहीत. अण्णा आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "अजून चालूच हाय व्हय?" त्यांच्या तोंडून याहून मोठी दाद मी पुढं कधी ऐकली नाही.

माझ्या हाती सनई द्यायची तात्यांची इच्छा होती. अण्णांना सूर संपवायचा नव्हता. या दोघांच्या वादात मी दहावी झालो.

१९९३ च्या अनंत चतुर्दशीला तात्या आणि अण्णा गणपती विसर्जनाची सुपारी वाजवून रात्री दीडला घरी आले. तात्या दमले होते, माळवदाखालच्या खोलीत जाऊन झोपले. अण्णांना झोप येईना. जास्त वाजवलं की त्यांचे ओठ हुळहुळायचे, मग ते बाहेर लिंबाखाली बसून राहायचे. मीही अंगणातल्या बाजेवर होतो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं ते साऱ्या देशाला माहीत आहे. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं मिळून सुमारे १०,००० माणसं गेली. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर माळवदाची टनावारी माती, आणि आदल्या रात्रीच्या मिरवणुकीनं दमून गाढ झोपलेली माणसं. आमच्या घरातून तात्या गेले. माय कशी वाचली ते तिचं तिलाही सांगता येत नाही.

त्यांची सनई तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्यात सापडली. चेपली होती. अण्णांचा सूर मात्र लिंबाच्या फांदीला पिशवीत अडकवलेला होता, त्याला ओरखडाही नाही. पुढं कित्येक महिने ती पिशवी तशीच अडकवलेली राहिली. नुसता सूर घेऊन माणूस कुठं वाजवायला जाणार?

ढिगारे उपसायला लष्कर आलं होतं. त्या जवानांकडं बघून मी भरतीला गेलो, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. त्यात खोटं काही नाही, पण घरात खायला नव्हतं हेही तितकंच खरं आहे. १९९४ ला भरती झालो. छाती बसली, पळालो, आणि फॉर्ममध्ये 'वाद्य येतं का' याच्यापुढं सनई लिहिलं. त्यामुळं मी बँडमध्ये गेलो.

लष्करातला बँड हा बाहेरून दिसतो त्याहून वेगळा मामला आहे. बँडवाला शांततेत वाजवतो आणि लढाईत स्ट्रेचर उचलतो. आम्हाला दोन्ही शिकवलं होतं. त्यातल्या दुसऱ्या कामाबद्दल मी इथं काही लिहिणार नाही.

वाद्य कुणाला कुठलं द्यायचं ते उस्ताद ओठ बघून ठरवतात. जाड ओठांचा ट्रॉम्बोनला, पातळ ओठांचा ट्रम्पेटला, दातांची ठेवण अशी असेल तर क्लॅरोनेट. माझ्या हातात त्यांनी नुसती एक पत्ती दिली आणि म्हणाले, फूंको. मी गाल फुगवून सवयीनं सा लावला आणि सोडलाच नाही. खोलीतली पोरं हसायला लागली. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "बाप क्या करता है?" मी सांगितलं. त्यांनी कपाटातून एक काळी पेटी काढली. तीन वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता म्हणे.

पुढं पचमढीला गेलो. सातपुड्यातल्या त्या गावात लष्कराची संगीतशाळा आहे, १९५० सालची. देशभरातल्या पलटणींचे बँडवाले तिथं शिकायला येतात. पावसाळ्यात पचमढी अशी चिंब असते की बूट सकाळी घालायला घेतले तर आत बुरशी. औशाचा माणूस मी, पाऊस बघूनच निम्मा खूश. पण वाद्य शिकायला बसलो तेव्हा कळलं की जे येतंय ते आधी विसरायचं आहे. गाल फुगवायचे नाहीत. ओठ दातांवर आत दुमडून पत्तीला गादी करायची. आणि श्वास! सनईला हवा भरपूर लागते. ओबोच्या पत्तीची फट इतकी बारीक असते की आत हवा जातच नाही. फुप्फुसं भरलेली, पण त्यातली हवा शिळी. माणूस गुदमरतो तो हवा संपली म्हणून नव्हे, उरली म्हणून. म्हणून ओबोवाल्याला आधी श्वास सोडायला शिकवतात. वाक्य संपलं की उरलेली हवा बाहेर टाकायची, पुढच्या फटीत नवी घ्यायची. माझ्या नोटेशनच्या कागदांवर अजून उस्तादांनी पेन्सिलीनं केलेल्या खुणा आहेत, कुठं 'छोड', कुठं 'ले'. 'छोड' जास्त आहेत.

आणि मग पत्ती. ओबोवाल्याचं निम्मं आयुष्य पत्तीत जातं, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, हिशेब म्हणून लिहितो. दक्षिण फ्रान्समधल्या व्हार भागात एक वेत वाढतो, आपल्या बोरूच्या भावकीतला. साधारण करंगळीच्या जाडीच्या कांड्या येतात. त्या उभ्या चिरायच्या, आतून तासत तासत ०.६ मिलिमीटरपर्यंत आणायच्या, पाण्यात भिजवायच्या, मधोमध दुमडायच्या, आकार द्यायचा, पितळेच्या छोट्या नळीवर दोऱ्यानं करकचून बांधायच्या. मग टोक कापून पाती मोकळी करायची आणि चाकूनं खरवडायला घ्यायचं. मधला कणा जाड ठेवायचा, टोकाकडं असं पातळ की उजेडात धरलं तर बोट दिसावं. एक खरवड जास्त झाली की दोन तासांचं काम कचऱ्यात. जमली तर तिचं आयुष्य किती? वाजवण्याचे दहा-पंधरा तास. त्यातही आज पचमढीत गाते ती उद्या दिल्लीत बसते, कारण हवा बदलली.

पत्ती झाली की नाही ते बघायची एक रीत आहे. वाद्याला न लावता नुसती पत्ती तोंडात धरून फुंकायची. चांगली पत्ती कावळ्यासारखी ओरडते. तिकडं या परीक्षेला कावळ्याचंच नाव आहे. दोन सा एकदम ऐकू आले पाहिजेत, खालचा आणि वरचा, खरखरत. नुसता एकच बारीक आवाज आला तर अजून खरवडा. काहीच आलं नाही तर देवाचं नाव घ्या. अण्णांची पत्ती ताडाच्या पानाची. तीही अशीच दुमडून, बांधून, कातरून केलेली. सुरापासून दोऱ्यानं लोंबणाऱ्या तीन-चार जादा पत्त्या आणि फट मोकळी करायची एक सुई, हे मी पाळण्यात असल्यापासून बघत आलो होतो. पचमढीत पहिल्यांदा चाकू हातात घेतला तेव्हा उस्ताद म्हणाले, इसका हाथ बैठा हुआ है. कुणाचा हात, ते मला माहीत होतं.

परेडला मात्र मी झांजा वाजवायचो. चालताना ओबो वाजवत नाहीत. पाय अडखळला की पत्ती दाताला लागते आणि संपलं. म्हणजे माझ्या नोकरीतला जो भाग लोकांनी टीव्हीवर बघितला असेल, त्यात मी झांजवाला आहे. गावाकडं अजून काहींचा तोच समज आहे. तो दुरुस्त करायच्या भानगडीत मी पडत नाही.

पुण्यात पोस्टिंग असताना एका हौशी मंडळींच्या ऑर्केस्ट्राला ओबोवाला मिळेना. कुणीतरी माझं नाव सांगितलं, वरिष्ठांनी रविवारची परवानगी दिली. डॉक्टर, आयटीवाले, एक निवृत्त बँक मॅनेजर, एक चर्चमधल्या बाई, असे चाळीस-एक लोक. मला खुर्ची दाखवली ती नेमकी मधोमध. पुढं व्हायोलिनं, मागं पितळी वाद्यं. मी तोवर बँडमध्येच वाजवलेलं, तिथं सगळे काळी पाचला, म्हणजे हार्मोनियमच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुराला, मिळवतात. इथं पहिली व्हायोलिनवाली उभी राहिली, माझ्याकडं वळली आणि सगळे गप्प झाले. काय करायचंय ते मला माहीत होतं, पुस्तकात वाचलं होतं, तरी छातीत धडधडलं. मी पांढरी सहा, म्हणजे सहाव्या पांढऱ्या पट्टीचा सूर, लावली. सेकंदाला ४४० कंपनं. ऑर्केस्ट्रात सूर ओबोनं द्यायचा असा तीनेकशे वर्षांचा रिवाज आहे. त्याचा आवाज गर्दीतून आरपार जातो, डगमगत नाही, आणि खरं सांगायचं तर ओबोला आपला सूर इतरांइतका सहज खालीवर करता येत नाही, म्हणून इतरांनीच जुळवून घ्यायचं. मी सूर धरला आणि माझ्याभोवती चाळीस वाद्यं हळूहळू त्या एका जागेवर येऊन बसली.

रात्री एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांकडं फोन लावला, अण्णांना बोलावून घेतलं. म्हटलं, "अण्णा, इथं सगळे माझ्या सुरावर मिळवतात. मधे बसवलंय मला."

पलीकडं थोडा वेळ नुसती खरखर. मग म्हणाले, "म्हंजी तू बी सूरच धरलास का? मी म्हनलं, सनई वाजवायलास."

मला हसावं का काय कळेना. घरच्या त्या जुन्या वादात अण्णा जिंकले होते आणि त्यांना ते आवडलेलं नव्हतं.

ओबोवाल्यांच्या दुनियेत एक गोष्ट सांगितली जाते. १९४५ साली, युद्ध संपताना, जॉन डी लान्सी नावाचा एक अमेरिकी सैनिक जर्मनीत गार्मिशला होता. युद्धाआधी तो पिट्सबर्गच्या ऑर्केस्ट्रात ओबो वाजवायचा. ऐंशीच्या घरातला जर्मन संगीतकार रिचर्ड श्ट्राउस तिथंच राहायचा. सैनिकानं एके दिवशी धीर करून विचारलं, आपण ओबोसाठी कॉन्चेर्तो, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीनं एकट्या वाद्यानं वाजवायची रचना, लिहिण्याचा विचार केलाय का? म्हातारा म्हणाला, नाही. विषय संपला. आणि काही महिन्यांनी म्हाताऱ्यानं तो लिहिला. सुरुवातीलाच ओबोला जवळपास दोन मिनिटं उसंत नाही, अशी लांबलचक चाल. अमेरिकेतला पहिला प्रयोग त्या सैनिकानं करावा अशी श्ट्राउसची इच्छा होती. पण डी लान्सी तोवर फिलाडेल्फियाच्या ऑर्केस्ट्रात दाखल झाला होता, तिथं मुख्य ओबोवाला त्याचेच गुरू मार्सेल ताब्युतो, आणि हा नवखा. गुरूच्या पुढं बसून कनिष्ठानं एकल वाजवायचं, हे रीतीत बसत नव्हतं. पहिला प्रयोग दुसऱ्याच वादकाकडं गेला. पुढं ताब्युतो निवृत्त झाल्यावर ती मुख्य खुर्ची त्याला मिळाली, पण ज्याच्या प्रश्नातून तो कॉन्चेर्तो जन्मला त्याला पहिल्यांदा वाजवायला मिळाला नाही तो नाहीच.

मला त्या सैनिकाबद्दल उगाच आपलेपणा वाटतो. दोन मिनिटं न थांबता वाजवायची ती चाल मी पलटणीत खोलीचं दार लावून वाजवून बघायचो, तांब्यातल्या बुडबुड्यांचा श्वास वापरून. उस्तादांना कळलं असतं तर रागावले असते. श्वास टिकायचा, बोटं चुकायची.

२०१६ च्या उन्हाळ्यात महिनाभराच्या सुट्टीवर आलो. हे लातूरचं रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. मिरजेहून टँकरची गाडी यायची आणि लोक स्टेशनवर ती बघायला जायचे. भूकंपानंतर आम्ही लातुरातच येऊन राहिलो होतो. नळाला पाणी येऊन महिना झालेला. घरात प्रत्येक तांब्याचा हिशेब. आणि मी सकाळी उठून पत्ती भिजवायला पाणी घेतो! फिल्मच्या रोलची एक काळी डबी असते, तीत पत्ती उभी बुडते, दोन चमचे पाणी पुरतं. माय बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "भिजवून झालं की ते तुळशीला घाल." मी महिनाभर रोज दोन चमचे पाणी तुळशीला घातलं.

त्या सुट्टीत एका संध्याकाळी अण्णांनी लाकडी पेटीतून सूर काढला. तेवीस वर्षांत मी तो त्यांच्या हातात बघितला नव्हता. पत्ती नवी केली, पान कुठून आणलं देव जाणे. दात निम्मे गेलेले, ओठांची पकड नव्हती, तरी पाच-सहा फुंकरीत सा लागला. डोळ्यानं मला म्हणाले, वाजव. मी ओबो उचलला. जमेना. त्यांचा सा माझ्या कुठल्याच सुराशी बसत नव्हता, पांढरी दोनच्या किंचित खाली, दोन सुरांच्या मधेच कुठंतरी. मी म्हटलं, "अण्णा, तुमचं मेण जरा सरकवा, थोडं वर घ्या. माझं हे चाव्यांचं आहे, ते हलत नाही."

त्यांनी सूर तोंडातून काढला. "तू तुझं मिळव. सूर हलत नसतो."

मग मी तीन दिवस पत्ती करत बसलो. जरा लांब, जरा रुंद, दोरा एक वेढा कमी, पितळेची नळी वाद्यात पुरती न बसवता थोडी बाहेर. चौथ्या दिवशी त्या सा-वर माझा ओबो कसाबसा येऊन टेकला. खालचे सूर बरे, वरचे सगळे बेसुरे. मी तात्यांचा भूप वाजवला. त्यांच्या मिंडा, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या, चाव्यांच्या वाद्यावर येत नाहीत, अर्धवट भोकं दाबून काही आल्या, बऱ्याच निसटल्या. अण्णा डोळे मिटून सूर धरून होते. दहा मिनिटं झाली असतील. माय आतून बाहेर आली, दारात बसली, आणि पदर तोंडाला लावून बसून राहिली. आम्ही थांबलो तेव्हा अण्णा म्हणाले, "पंचमाला घाई करायलास. तुझा तात्या बी करायचा."

ती पत्ती माझ्याकडं आहे. कुठल्याच ऑर्केस्ट्रात चालणार नाही अशी.

२०१८ ला चोवीस वर्षं पुरी करून निवृत्त झालो. गंजगोलाईच्या, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेच्या, सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्यावर, कापडाच्या दुकानाच्या माडीवर खोली भाड्यानं घेतली आणि 'संगीत वर्ग' अशी पाटी लावली. त्याच्या पुढच्याच मे महिन्यात ओबो तडकला. जुना, पण स्वतःच्या पैशानं घेतलेला, फंडाचा मोठा तुकडा त्यात गेलेला. दुपारी खोलीत बेचाळीस डिग्री, मी एसीच्या गाडीतून उतरून तसाच वर आलो आणि वाजवायला बसलो, ही माझी चूक. 'टक्' असा आवाज झाला, भिंतीवरच्या पालीसारखा. वरच्या तुकड्यावर, पहिल्या चावीपासून खाली, केसाएवढी रेघ. सूर लागायचा बंद.

घरी नेला. अण्णांनी तो उजेडाकडं करून बघितला, रेघेवरून नख फिरवलं आणि काही न बोलता मेणाची गोळी मागितली. ती दोन्ही तळव्यांत चोळून मऊ केली, रेघेत अंगठ्यानं भरली, वरून पुसली. म्हणाले, "आठ दिस चालंल." आठ दिवस चालला. मग पुण्यात एका कारागिरानं त्याच काळ्या लाकडाची पूड आणि गोंद घालून कायमचं बुजवलं. ती रेघ आता फक्त मला दिसते. मोसंबीची साल तेव्हापासून.

शिकवण्याबद्दल काय लिहू? वर्गात साठ पोरं आहेत, त्यातली पन्नास हार्मोनियम आणि कीबोर्डची. गांधर्व मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, पोरं पायऱ्या चढतात. बहुतेक दहावीला गळतात. एका शाळेत तासिका तत्त्वावर जात होतो. मानधन नऊ महिन्यांनी आलं, तेही कापून. गॅदरिंगला मुख्याध्यापक म्हणाले, सर, ती तुमची पुंगी वाजवा, पाहुणे येईपर्यंत. वाजवली. मांडवाबाहेर बसायची आमच्या घराण्याला सवय आहे.

पण त्याच शाळेतल्या सातवीच्या वर्गाला मी एकदा रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हची ती पीटर आणि लांडग्याची गोष्ट ओबोवर सांगितली होती. १९३६ सालची, मुलांना वाद्यं ओळखता यावीत म्हणून रचलेली. त्यात बदक म्हणजे ओबो. लांडगा बदकाला गिळतो, आणि शेवटी सगळी मिरवणूक निघते तेव्हा कान देऊन ऐकलं तर लांडग्याच्या पोटातून बदक ऐकू येतं, कारण घाईत त्यानं ते अख्खं गिळलेलं असतं. मी ते पोटातलं बदक वाजवलं. मागच्या बाकावरचं एक पोर उठलं. "सर, मग ते भायेर कधी आलं?" मी म्हटलं, गोष्टीत येत नाही. ते विचार करून म्हणालं, "आत बसूनच वाजवायलंय व्हय." आणि खाली बसलं. पूर्ण तास मला पुढं काही सुचलं नाही.

ओबो शिकायला मात्र कुणी येत नव्हतं, आणि मी बोलावतही नव्हतो. वाद्य लाखाच्या पुढं, पत्ती परदेशी वेताची, पुढं नोकरी नाही. मग गेल्या वर्षी आठवीतली एक मुलगी आली. तिच्या वडलांचं बँड पथक आहे, आता निम्म्या सुपाऱ्या डीजेनं नेलेल्या. घरात पडून असलेलं क्लॅरोनेट ती स्वतःच वाजवायला शिकली होती. खोलीत येऊन तिनं पाटीवर नसलेलं विचारलं, "सर, ते दुसरं शिकवाल का? पत्तीचं?"

महिन्याभरानं तिच्या वडलांचा फोन. "सर, ह्याच्यात पुढं काय हाय?" मी त्यांना खरं ते सांगितलं. मुंबईत २००६ पासून एक व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, पण त्यात बरेचसे वादक परदेशातून येतात. बाकी देशभर हौशी मंडळी, सिनेमाचं थोडं काम, आणि शिकवणं. पोट यावर भरेल असं मी लिहून देणार नाही. पलीकडून ते म्हणाले, "मपल्या बँडवर तरी कुठं भरायलंय. शिकू द्या."

तिला मी आधी वाद्य दिलंच नाही. पपईचा देठ दिला. तिच्या आईनं पाण्याच्या तांब्यावरून काय विचारलं असेल ते मी ओळखून आहे. दोन महिन्यांनी बुडबुडे तुटेनासे झाले, मग चाकू हातात दिला. पहिल्या सात पत्त्या गेल्या. एक वेत साठ रुपयांच्या पुढं पडतो, ते मी तिला सांगितलं नाही. आठवी करायला बसली तेव्हा मी तिला घरी बोलावलं होतं, रविवार होता. अण्णा आत खाटेवर. आता त्यांना नीट दिसत नाही, दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून असतात, ऐकू मात्र सगळं येतं. मुलगी ओसरीत उकिडवी बसून खरवडत होती. उजेडाकडं धरी, परत एक हात फिरवी. शेवटी तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं पत्ती डबीतल्या पाण्यात बुडवली, झटकली, ओठांत धरली आणि फुंकली.

खरखरीत, जाड, दोन सुरांचा आवाज ओसरीभर झाला. तिनं दचकून पत्ती तोंडातून काढली.

आतून अण्णांनी कूस बदलल्याची खाट करकरली. "कावळा कोकलायलाय दारात," ते म्हणाले. "कोन पावनं येनार हाय बघ रे."